आबिदाच्या पायाचं माप

धानोऱ्याच्या बस स्टँडसमोर दोन दुकानं आहेत आणि दोन्हींच्या मधे एकच पत्रा आहे. अलीकडे शफीचं जुत्यांचं दुकान, पलीकडे हेमराजचं सायकलचं. पत्रा इतका पातळ की हेमराजच्या हातून पाना निसटला तर शफीच्या पाटावरचे खिळे नाचतात, आणि शफीनं टाचेवर हातोडी मारली की हेमराजच्या कपातला चहा बशीत सांडतो. असल्या पत्र्याच्या दोन बाजूंना वीस वर्षं बसलेली माणसं एकमेकांची सख्खी तरी होतात, नाहीतर वैरी तरी. शफीनं दोन्ही होऊन पाहिलं.

शफीची खोड आधीच सांगितलेली बरी. माणूस मनानं चांगला, हातानं तर फारच चांगला, पण दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला सोसत नसे. समोरच्या पानठेल्यावर गर्दी झाली की याच्या पोटात दुखायचं, स्वतः पान खात नव्हता तरी. शेजारच्या आंब्याला मोहर जास्त आला की याचं तोंड कडू व्हायचं. बाजारात साच्यातले प्लास्टिकचे जुते आले तेव्हा तर तो आठवडाभर कोणाशी धड बोलला नाही. आबिदा म्हणायची, सगळ्या दुनियेचा हेवा करायचं काम अल्लानं या एकट्या माणसावर सोपवलं आहे आणि हा इमानदार माणूस त्यात एक दिवसाची सुट्टी घेत नाही.

आबिदा म्हणजे शफीची बायको. माहेर चंद्रपूरचं, मनियारांचं. बांगड्या भरायचं काम तिच्या आईचं, आईच्या आईचं. त्यांचा एकुलता सैफ नागपूरला नोकरीला लागला तरी तिनं काम सोडलं नाही. लग्नसराई आली की बांगड्यांचं गाठोडं घेऊन ती निघायची. एसटी जाईल तिथवर एसटीनं, पुढं गाठोडं डोक्यावर आणि वाट जंगलातली. काचेच्या बांगड्या दिसायला फुलासारख्या, पण शंभर डझन एका फडक्यात बांधल्या की मानेला घाम फुटतो. लग्नघरी नवरीचा हिरवा चुडा, मग तिच्या आईचा हात, मग मावश्या, काकवा, करवल्या, असं करता करता दुपार कलायची. बांगडी चढवताना बाईचा पंजा दाबावा लागतो, अंगठ्याच्या मुळाशी हाड आडवं येतं. आबिदा तिथं थांबून विचारायची, “दुखते का वं?” बाई हो म्हणाली की साबण लावायची, पंजा जरा चोळायची, मग पुन्हा. त्यामुळं गावोगावी तिलाच बोलावणं. दुसरी कोणी आली तर पोरी आधीच हात पाठीमागं लपवायच्या.

आता या आबिदाचे तळवे सपाट होते. लग्न होऊन आली त्या पहिल्या सकाळी ती न्हाणीतून ओल्या पायानं बाहेर आली आणि फरशीवर तिचं पाऊल उमटलं. माणसाच्या पावलाला मधे कंबर असते. हिच्या पावलाला नव्हती, अख्खंच्या अख्खं उमटलं होतं. शफीच्या आईनं नाक मुरडलं, सपाट पायाची सून घराला जड असते म्हणाली. शफीला मात्र खजिना सापडल्यासारखं झालं. असा पाय जुतेवाल्याच्या घरी आला नाही तर कोणाच्या घरी येणार? त्यानं त्याच आठवड्यात तिला पाटावर बसवलं, पाय कागदावर ठेवायला लावला, पेन्सिल फिरवून माप घेतलं आणि तळव्याच्या मधोमध खालून आधार देईल अशी कातड्याची गादी बनवली. थरावर थर चढवलेले, कड रापीच्या पात्यानं निमुळती केलेली, मेण लावलेल्या दोऱ्याची दुहेरी शिलाई. जुतेही त्यानंच शिवलेले, बंद. आबिदा ते घालून अंगणात थोडं चालली.

“कशी झाली गादी?” शफीनं विचारलं.

“बरी आहे,” आबिदा म्हणाली.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात, लग्नसराईच्या तोंडाशी, शफी नवी गादी करायचा. कधी जरा उंच, कधी जरा रुंद. दर साली तोच सवाल आणि तोच जवाब. माप मात्र बसवूनच घ्यायचा, कारण त्याच्या बापानं तसं शिकवलं होतं. बाप म्हणायचा, गिऱ्हाईक बसवून घ्यावं, उभं गिऱ्हाईक निघून जाते. बाप धंद्याची अक्कल सांगत होता. पोरानं ती शास्त्र म्हणून धरून ठेवली.

आणि पत्र्याच्या पलीकडे हेमराज. बायकोपोरांचा, हसऱ्या तोंडाचा, पंक्चर काढण्यात तालुक्यात पहिला. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडा आला की तिथं अंगठा ठेवायचा, पुसून डोळ्याजवळ न्यायची आणि सांगायचं की हे कशानं झालं. हा बाभळीचा काटा, हा खिळा, ही काच. एकदा गुरुजींची सायकल रोज बसायला लागली. हेमराजनं छिद्र पाहिलं आणि म्हणाला, गुरुजी, हे रस्त्यावरचं नाही, हे कंपासचं टोक आहे, वर्गात शोधा. गुरुजींनी शोधलं आणि खरंच सापडलं. लोक ही गोष्ट अजून सांगतात. शफीला त्याचाही हेवा होता. जुता उसवला तर तो कशानं उसवला हे शफीही सांगू शकत होता, पण विचारतं कोण?

तरी दोघांचा चहा एकाच किटलीतला. रमजानात हेमराज शफीसमोर पाणी पीत नसे आणि पोळ्याला हेमराजच्या घरचं पुरण शफीकडे येई. असं सगळं ठीक चाललेलं असताना, गेल्या फाल्गुनात, आठवडी बाजाराच्या दिवशी गुणाबाई आपली चप्पल घेऊन शफीकडे आली.

गुणाबाई वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला. अंगानं भारी, बोलायला त्याहून भारी. शफी चपलेचा अंगठा शिवत होता आणि ती पाटावर बसून पाय चोळत होती. चोळता चोळता म्हणाली की आता इथून उठून हेमराजकडेच जाते.

“तुमच्या बाईले त्यानं हवेची गादी करून देल्ली म्हणते. तिचं दुखणं पार गेलं. मले बी तशीच पाहिजे.”

शफीची कातडं टोचायची आरी हवेत थांबली. कोणतं दुखणं, असं त्यानं विचारलं. गुणाबाईला वाटलं थट्टा करतो आहे. मग तिनं सगळं सांगितलं, आणि ती सांगू लागली की मधे काही ठेवत नसे. आबिदा म्हणे एसटी सोडली की मोहाच्या झाडाखाली बसायची. जुते काढायची, कातड्याची गादी उपसून पिशवीत टाकायची आणि पाय दाबत बसायची. बिनगादीचीच दिवसभर चालायची, आणि परतताना एसटीतून धानोरा दिसू लागलं की पुन्हा गादी घालून घरात शिरायची. मुरूमगावच्या रस्त्यावरच्या बायका हे किती तरी साल पाहत होत्या. सगळ्या रस्त्याला माहीत होतं, फक्त जुतेवाल्याला नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शफीनं अंगठा शिवून दिला, पण उलटा. गुणाबाईनं तो तसाच नेला, कारण तिला हेमराजकडे जायची घाई होती.

त्या संध्याकाळी आबिदा भाकरी टाकत होती तेव्हा शफीनं तिचे जुते उचलून पाहिले. आत हात घातला तर बोटांना काही तरी मऊ लागलं. बाहेर काढलं. जुन्या सायकल सीटच्या रेक्झिनमधे गुंडाळलेली गादी, मधोमध फुगीर, कडेला सोल्यूशननं चिकटवलेली. तिच्यातून एक बारीक रबरी नळी निघून घोट्यापाशी येत होती, नळीच्या तोंडाला पितळेची चिमटी. आणि जुत्यांच्या शेजारी, आजवर ज्याच्याकडे त्याचं लक्षही गेलं नव्हतं, तो सायकलच्या भोंग्याचा रबरी फुगा पडला होता. फुगा नळीला लावायचा, हवी तितकी हवा दाबायची आणि चिमटी बसवायची. सकाळी पाय ताजा असला की कमी. डोक्यावर गाठोडं आलं, तळवा पसरला, की वाटेत उभ्या उभ्या आणखी थोडी. परतताना गाठोडं हलकं झालं की चिमटी सोडायची आणि फुस्स करून उतरवायची. शफीनं गादी तळहातावर दाबली, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. कारागीर माणूस, चीज पाहून कळत नाही असं होत नाही. चीज चांगली होती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

तुम्ही म्हणाल, शेजाऱ्यानं बायकोच्या पायाचं दुखणं घालवलं, यात जळण्यासारखं काय? पण शफीच्या बाजूनं पाहा. ज्याच्या दुकानावर ‘पायाला बसेल तोच जुता’ असं रंगवलेलं, त्याच्या घरात पंक्चरवाल्याची गादी. त्या गादीला पाय नेमका टेकत होता, इतका की रेक्झिनवर पाचही बोटांची खूण होती. नेमका बसायचा म्हणजे माप लागतं. माप कोणी घेतलं? हेमराजनं? कधी घेतलं? आबिदा त्याच्या दुकानात पाटावर बसली असेल आणि त्यानं पेन्सिल फिरवली असेल? वाईट संशय त्याला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, त्यावर भांडता तरी आलं असतं. याला आलेला हेवा बिनभांडणाचा होता. आबिदानं आपलं दुखणं हेमराजला सांगितलं आणि आपल्याला ‘बरी आहे’ सांगितलं, हेच त्याला राहून राहून टोचायचं.

त्यानं विचारलं नाही. विचारायचं म्हणजे कबूल करायचं की सापडलं, आणि सापडलं म्हणजे हरलो. त्यानं गादी होती तशी ठेवली आणि भाकरी खाल्ली. भाकरी चांगली झाली का, असं आबिदानं विचारलं, तर तो म्हणाला, बरी आहे.

मग त्याचा सगळा चैत्र कान पत्र्याला लावण्यात गेला. पलीकडे रोज कोणी ना कोणी यायचं. गुणाबाईला गादी झाली, तिच्यासोबतच्या बायकांना झाली, पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं आली, एक वनरक्षक आला. फुस्स फुस्स आवाज आला की शफीच्या कानशिलात कळ यायची. हेमराज तर भोळा, चहा घेऊन इकडे यायचा आणि नव्या गादीचं सांगायचा, की शफीभाऊ, अमक्याचा डावा पाय जास्त बसका, त्याला अशी केली. शफी मान हलवायचा. चहा त्याला कारल्याच्या रसासारखा लागायचा.

एका बाजूनं त्यानं स्वतःची गादीही करायला घेतली होती, हवेशिवायची. कातड्याची कमान, तिच्या दोन कडांना आयलेटची भोकं, त्यांतून बंध. बंध ओढला की कमान वर, ढिला केला की खाली. कल्पना वाईट नव्हती. दुकान बंद केल्यावर तो त्यावर बसायचा, रापीनं तासायचा, मोडायचा, पुन्हा शिवायचा. झाली तेव्हा त्यानं ती आबिदापुढं ठेवली. आबिदानं घातली. अंगणात चालली. बंधाची गाठ तळव्याला लागत होती हे तिच्या अंगठ्याकडे पाहून कोणालाही कळलं असतं, अंगठा वर उचललेला होता. शफी अंगठ्याकडे पाहत नव्हता, गादीकडे पाहत होता.

“कशी झाली?”

“बरी आहे.”

पहिल्यांदा शफीला त्या दोन शब्दांचा अर्थ माहीत होता. इतक्या सालांच्या सगळ्या ‘बरी आहे’ एकदम अंगावर आल्या. तो उठून दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशी आबिदाला मुरूमगावच्या वाटेवर आतल्या एका गावी जायचं होतं. मोठं लग्न, गाठोडंही मोठं. ती गाठोडं बांधायला आत गेली होती आणि जुते दारात होते, हेमराजची गादी घातलेले. शफीच्या खिशात आरी होती. कारागिराच्या खिशात ती असतेच, त्यात काही विशेष नाही. विशेष एवढंच की त्यानं ती काढली, जुत्यात हात घालून उजव्या गादीच्या बगलेला टेकवली आणि दाबली. फार नाही, टोकाएवढंच. हवा एकदम जाऊ नये, वाटेत हळूहळू जावी, म्हणजे तिला कळावं की रबराचा भरवसा नसतो, कातडंच शेवटी कातडं. हे सगळं त्यानं मनात इतकं व्यवस्थित मांडलं की पाप केल्यासारखं वाटायला जागाच उरली नाही.

आबिदा आली, फुगा लावून हवा भरली, चिमटी बसवली आणि गाठोडं डोक्यावर घेऊन एसटीकडे गेली. शफी तिच्या उजव्या पायाकडे पाहत राहिला.

सकाळ बरी गेली. दुपारी ऊन चढलं तसं त्याला एकेक आठवू लागलं. एसटी सोडल्यावर केवढी वाट आहे, हे आठवलं. गाठोडं उचलताना तिनं एका हातानं भिंत धरली होती, तेही आठवलं. एक पाय उंच आणि एक बसका घेऊन, डोक्यावर काच घेऊन ती चालली असेल. गिऱ्हाईक आलं तर त्यानं परत पाठवलं. आणि हे सगळं होत असताना मनाच्या एका कोपऱ्यात, हो, तिथंही तो वाट पाहत होता की ती येईल आणि म्हणेल, हेमराजच्या गादीनं दगा दिला.

दिवस कलता कलता काळीपिवळी जीप स्टँडवर थांबली. आबिदा उतरली. लंगडत होती, चांगलीच. शफी पाटावरून उठून उभा राहिला. ती रस्ता ओलांडून आली, त्याच्या दुकानाकडे तिनं एकदा पाहिलं, आणि पुढं होऊन हेमराजच्या दुकानात शिरली.

शफी पुन्हा खाली बसला आणि पत्र्याला टेकला. पलीकडे आबिदा सांगत होती की उजवी बसली, दोनदा भरली, दोनदा गेली. हेमराजनं घमेलं ओढल्याचा आवाज आला. नळी फुग्याला लागली. पाण्यात बुडबुडे उठले, ते शफीला पत्र्यातून स्पष्ट ऐकू आले. मग काहीच ऐकू येईना. हेमराजनं पुसलं असेल, डोळ्याजवळ नेलं असेल. गोल छिद्र काट्याचं, फाटकं खिळ्याचं. आरीचं चपटं असतं, कापल्यासारखं, आणि या गल्लीत आरी एकाच माणसाकडे आहे. कंपासचं टोक ओळखणाऱ्याला ते ओळखायला किती वेळ? शफीनं डोळे मिटून घेतले. आता नाव येणार.

“बाभळीचा काटा आहे, भाभी,” हेमराज म्हणाला. “उन्हाळ्यात लय पडते रस्त्यावर.”

शिवी दिली असती तर शफीनं झेलली असती. हाक मारून चार लोकांत अब्रू काढली असती तरी उत्तर सुचलं असतं. पण हा काटा कुठं झेलायचा? या माणसाकडे गिऱ्हाईक आपल्यापेक्षा जास्त, अक्कल जास्त, आणि आता मोठेपणाही जास्त, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला त्या काट्याचाही हेवा वाटला. माणसाची खोड मरतानाही जात नाही म्हणतात, ती लाज वाटतानाही जात नाही.

“शफीभाऊ,” पत्र्यापलीकडून हाक आली. “जरा इकडे या. आतली शिलाई खोला लागते. ते मले नाई जमत.”

शफी गेला. आबिदा स्टुलावर बसली होती, उजवा पाय वर घेऊन. हेमराजनं ओली गादी पुढं केली. वरचं रेक्झिन त्यानं सोडवलं होतं. शफीनं रापी लावली, आणि थांबला. आत कातडं होतं. जुनं, घामानं काळं पडलेलं, थरावर थर चढवलेलं, निमुळत्या कडेचं, मेणाच्या दोऱ्याची दुहेरी शिलाई घातलेलं. ही त्यानं शिवली होती, लग्नाच्या साली, पहिल्या आठवड्यात. हेमराजनं फक्त टोकाकडून वरचे दोन थर उचलून मधे ट्यूबचा तुकडा सरकवला होता, बाकी सगळं जसंच्या तसं. शफीची आरी रेक्झिनमधून शिरली होती, त्याच्याच शिलाईच्या दोन टाक्यांमधून गेली होती आणि मग कुठं रबराला लागली होती.

“माप कोणी घेतलं होतं याचं?” शफीनं विचारलं.

“मले कुठी माप घेता येते?” हेमराज म्हणाला. “मी भाभीले म्हटलं, माप लागन. तर त्याइनं पेटीतून हे काढून आणलं. म्हणे, माप याच्यातच आहे. तुमचंच माप आहे, भाऊ. मी फकत हवा भरली.”

शफीनं टाके खोलले. हेमराजनं रबर घासलं, सोल्यूशन लावलं, ठिगळ दाबलं. ते वाळेपर्यंत आबिदा दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. मग शफीनं खिशातून आरी काढली, तीच, आणि शिलाई पुन्हा घातली. हेमराज त्या वेळी दुसरीकडे पाहत होता. घमेल्यातलं पाणी फेकायला बाहेर गेला तो लवकर आलाच नाही.

घरी आल्यावर शफीनं दिवाणाखालून मापाचा कागद काढला आणि फरशीवर पसरला. आबिदा सवयीनं पाटावर बसू लागली.

त्यानं तिला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. मग त्यानं गाठोडं डोक्यावर घ्यायला सांगितलं. तिनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि उरलेल्या बांगड्यांचं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं. शफी गुडघे टेकून खाली बसला.

आणि त्यानं बायकोचा पाय पाहिला. ओझं आलं तसा तळवा फरशीवर पसरला, आतली कड बाहेर आली, घोटा आत झुकला. दर साली त्यानं काढलेल्या रेघेच्या कुठल्या कुठं बाहेर. हा पाय त्याच्यासमोर कधी आलाच नव्हता. त्यानं आजवर जो मोजला तो पाटावर बसलेला, आराम करणारा पाय होता. चालणारा पाय मोहाच्या झाडाखाली जाऊन काय ते भोगत होता. त्यानं पेन्सिल टेकवली आणि टाचेपासून फिरवायला सुरुवात केली.

“त्या रस्त्यानं बाभूळ नाई,” आबिदा वरून म्हणाली.

पेन्सिल थांबली.

“साग आहे, मोह आहे, बांबू आहे. बाभूळ नाई.”

शफी मान खाली घालून बसला. पुढं ती काय म्हणेल याची त्यानं वाट पाहिली, पण त्या बाबतीत ती पुढं काही बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, की मला काऊन नाही सांगितलं इतके साल, त्यालेच काऊन सांगितलं. हा सवाल त्यानं इतके दिवस गिळला होता, तो बाहेर आला तेव्हा त्यात भांडण उरलं नव्हतं.

“त्यानं विचारलं,” आबिदा म्हणाली. “मी लंगडत येऊन राह्यली होती, तर तो म्हणे, भाभी, कुठी दुखून राह्यलं? तुमी दर साली गादीचं विचारता, सैफचे अब्बा. गादी बरीच होती. पायाचं तुमी कवा विचारलं?”

लग्नघरी अनोळखी बायकांचे हात धरून ही दिवसभर हेच विचारत फिरायची, आणि हिला हे विचारायला पंक्चरवाला लागला. शफीला हे कळायला वेळ लागला नाही, बोलायला लागला. त्यानं पेन्सिल बाजूला ठेवली आणि तिच्या तळव्याच्या बगलेला, आतल्या कडेवर, अंगठा टेकवला.

“दुखते का?”

‘बरं आहे’ तिच्या जिभेवर आलंच असेल, सवय कुठं जाते.

“दुखते,” ती म्हणाली.

“कुठी?”

तिनं सांगितलं. इथं, आणि टाचेच्या आत, आणि उतारावर उतरताना जास्त, आणि थंडीत सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी येतं. ती सांगत गेली आणि शफी कागदावर एकेक जागा खूण करत गेला. खुणा खूप झाल्या.

“एक गोष्ट सांगून ठेवतो,” शेवटी तो म्हणाला, मान वर न करता. “यापुढं दुखलं तर पयले मले सांगत जाय. मंग हेमराजले.”

आबिदा हसली तशा डोक्यावरच्या गाठोड्यातल्या बांगड्या वाजल्या. “आधी माप घ्या लवकर,” ती म्हणाली, “मान भरून आली माही.”